रुख्माबाईचा अंगठा

१

दुपारचं जेवण झालं, भांडी विसळून पालथी घातली, की रुख्माबाई पुढच्या खोलीत फरशीवर ओलं फडकं फिरवायची आणि त्या ओलसर जागेवर पाठ टेकायची. एप्रिलमध्ये समुद्रपूरच्या बाजूला दुपारी माणसाने दुसरं काही करूही नये. बारा ते चार गावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. कुलरची घरघर, वरच्या टिनाचा तडतडाट आणि कुठेतरी लांब एसटीचा हॉर्न, एवढंच काय ते ऐकू यायचं.

आणि दोनच्या सुमाराला मागच्या खोलीतून तो आवाज यायचा.

टण्. टण्. मग थोडी उसंत. मग आणखी एकदा, जरा हळू, टण्.

स्टीलचा पेला लोखंडी खाटेच्या दांडीवर आपटावा, तसा. त्या खोलीत आता कोणी राहत नव्हतं. कांद्याची पोती होती, जुना कुलर होता आणि भिंतीला उभी करून ठेवलेली सासूची खाट होती. सासूला, जिजाबाईला, जाऊन येत्या मे महिन्यात नऊ वर्षं होणार होती. लकव्यानं तिची वाचा गेली होती. तहान लागली की ती पेला खाटेवर वाजवायची. पण टिन तापलं की वाजतंच. उंदीर असतात, कबुतरं असतात. रुख्माबाई स्वतःला हे सगळं सांगायची. मधे दम खाणारं कबुतर तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण ती काही सगळ्या जगातली कबुतरं पाहून बसली नव्हती.

आठ उन्हाळे झाले, हे असंच चाललं होतं. पलीकडच्या घरात धाकटी जाऊ राहायची, दीपमाला. मधे एकच भिंत. रुख्माबाईनं तिला दोनतीनदा विचारलं होतं.

"मले तं काईच नाई आयकू येत, बाई," दीपमाला म्हणायची. "उन्हाचं कानात असं होते कधीकधी. कांदा ठेवत जा जवळ."

मग रुख्माबाई पदर कानावर घ्यायची आणि कूस बदलायची. उठून बघायला मात्र ती कधी गेली नाही.

२

गावात ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा. देवळासारखं देऊळ नाही, टिनाचं एक सभागृह आहे, सतरंज्या आहेत, एक ढोलकी आहे. कैलास पास्टर आठ वर्षांपूर्वी इथे आले आणि येताना एक रीत घेऊन आले. गुड फ्रायडेला, बारा ते तीनच्या उपासनेत, प्रत्येकानं वहीच्या पाव कागदावर आपलं नाव घालायचं, खाली आपलं पाप लिहायचं, सही नाहीतर अंगठा करायचा, चार घड्या घालायच्या आणि पुढे उभ्या केलेल्या सागवानी क्रूसावर चुका, म्हणजे बारीक खिळा, ठोकून ती चिठ्ठी टांगायची. शनिवारी संध्याकाळी पास्टर सगळ्या चिठ्ठ्या न वाचता घमेल्यात जाळायचे. रविवारी पहाटे घमेल्यात राख असायची आणि लोक हलके होऊन गाणी म्हणायचे.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी विश्वासातल्या माणसाकडून लिहून घ्यायचं. रुख्माबाईसाठी दीपमाला लिहायची. ती सातवी पास, अक्षर टपोरं. सभागृहाच्या कोपऱ्यात दोघी डोक्याला डोकं लावून बसायच्या आणि रुख्माबाई दर वर्षी एकच गोष्ट तिच्या कानात सांगायची.

"लिव, रुपाले म्या म्हटलं, तू मले मेली. थो शब्द मांग घे, देवा."

रुपा तिची एकुलती एक. वडनेरच्या मुलाशी तिनं कोणाला न सांगता लग्न केलं, तेव्हा रुख्माबाईच्या तोंडून भर अंगणात तो शब्द निघाला होता. पोरगी आजीच्या मातीला आली ती रस्त्यावरूनच परत गेली. वडनेर काही परदेश नाही. हिंगणघाटला गाडी बदलली की दोन तासांत माणूस पोचतं. पण नऊ वर्षांत ना ती आली, ना तिचा फोन. मधे रुख्माबाईचा नवराही गेला, तेव्हाही नाही. तरी रुख्माबाईनं धीर सोडला नव्हता. आपली चिठ्ठी वर पोचते आहे, एक दिवस उत्तर येईल, एवढ्यावर ती बाई जगत होती. हे मी उगीच म्हणत नाही. शेवया करताना, पापड लाटताना ती अजूनही रुपाचा वाटा वेगळा काढायची.

या हिवाळ्यात मात्र एक नवल झालं होतं. गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला आणि साठीला टेकलेली रुख्माबाई पाटी घेऊन जाऊन बसली. मार्चमध्ये परीक्षा देऊन पासही झाली. तेव्हापासून तिच्या डोळ्यांना चैन नव्हती. एसटीची पाटी, मिठाची पुडी, औषधाची बाटली, दिसेल ते ती अक्षर अक्षर करून वाचायची.

"आवंदा मीच लिवते," गुड फ्रायडेला सभागृहात तिनं कागद पुढे ओढला.

"तुमचं होयेपर्यंत तीन वाजन, बाई," दीपमालानं तो हसत काढून घेतला. "पाहा लाइन केवढी लागली. सांगा, मी लिवते. अंगठा द्या फक्त."

रुख्माबाईनं सांगितलं. दीपमालानं लिहिलं. स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवून रुख्माबाईनं तो कागदावर दाबला. विळ्यानं कापलेला जुना वण अंगठ्यावर आडवा होता, तोही उमटला. दीपमाला घडी घालू लागली आणि त्या पळभरात रुख्माबाईच्या डोळ्यांनी सवयीनं एक शब्द उचलला.

पाणी.

तिनं तर पाण्याचं नाव काढलं नव्हतं. पुढे पास्टर वधस्तंभावरच्या तहानेबद्दल बोलत होते. त्यांचं ऐकून आपल्याला तसं दिसलं असेल, असं तिला वाटलं. नाहीतर 'डोळ्यातलं पाणी' वगैरे काही चांगलं लिहिलं असेल दीपमालानं, शिकलेली आहे ती. रुख्माबाईनं चुका ठोकला. पण जागेवर येऊन बसली तरी तो शब्द डोळ्यांपुढून हलेना.

३

शनिवारी सकाळी सभागृह झाडायचं काम तिचंच. दहा वाजताच टिन तापलं होतं. सतरंज्या झटकून झाल्या, पाण्याचा पिंप भरून झाला, आणि ती क्रूसापुढे उभी राहिली. दुसऱ्याची चिठ्ठी उघडणं म्हणजे केवढं पाप, हे तिला माहीत होतं. पण स्वतःची?

क्रूसाच्या डाव्या हातावर, टोकाकडून तिसरी तिची. चुका तिनं झाडूच्या मुठीनं सैल केला. घडी उलगडली. तळाशी अंगठा होता, आडव्या वणाचा. वर नाव होतं, ते तिला ओळखू आलं, परीक्षेत तेच लिहून ती पास झाली होती.

मग ती वाचू लागली. पटकन वाचता येत असतं तर बरं झालं असतं. एका फटक्यात लागलं असतं. तिला प्रत्येक अक्षरापाशी थांबावं लागत होतं.

सा-सू-बा-ई-नी. सासूबाईनी. पा-णी. सासूबाईनी पाणी मागितलं. पे-ला. पेला वाजवत होत्या. ग-ड-वा. पाण्याचा गडवा खिडकीत होता, त्यांचा हात पुरत नव्हता. मला आवाज ऐकू येत होता. मी उठले नाही.

एवढंच. रुपाचं नाव कुठेही नव्हतं. तिनं कागद उलटा करून पाहिला, मागे कोरा होता.

जिजाबाई गेली त्या दिवशी रुख्माबाई गावात नव्हतीच. नवऱ्याला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात होती. म्हातारीजवळ दीपमाला होती. "दुपारी झोपेतच गेल्या," असं दीपमालानं सांगितलं होतं, आणि तेव्हा दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आठ चिठ्ठ्या जळून गेल्या. ही नववी. नऊ वेळा आपण अंगठा दिला. तिनं बोटं मोडून पुन्हा पुन्हा मोजलं, जणू मोजल्यानं एखादी कमी होणार होती.

४

दीपमाला ओट्यावर सुपात गहू निवडत बसली होती. रुख्माबाईनं चिठ्ठी त्या गव्हावर टाकली.

"हे काय लिवलं तुनं?"

दीपमालाचे हात थांबले नाहीत. खडे काढता काढता ती म्हणाली, "वाचता आलं म्हणा तुम्हाले. म्हणूनच मी म्हणत होती, या वयात कायले शिकता."

"आठही साल हेच?"

"हेच."

"काऊन?"

आता तिनं सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर ना लाज होती ना भीती. एखादं कंटाळवाणं काम एकदाचं उरकावं, तसं ती बोलू लागली. "पंधरा दिवस मी एकटी होती, बाई. हागणं-मुतणं, सारं. त्या दिवशी जरा पाठ टेकली होती. थो पेला वाजत होता. मी म्हटलं, वाजू दे थोडा वेळ. गडवा मीच खिडकीत ठेवला होता, त्या बिछाना ओला करत म्हणून. बस, तेवढंच झालं. मंग वरसभर रोज दोन वाजता मले थो आवाज आयकू ये. जेवण जाये ना, झोप लागे ना. मंग पास्टर आले, चिठ्ठीचं सांगतलं. चिठ्ठी जळली अन् बंद झालं."

"पण माह्या नावानं काऊन लिवलं?"

"माह्या नावानं लिवाले बसली होती. हातच चालला नाई. पास्टर दर साली सांगतात ना, ज्याच्यात दोष नाई त्यानंच सगळ्यांचं पाप उचललं. या घरात दोष नसलेलं माणूस तुम्हीच होत्या. मले वाटलं, तुमच्या नावानं गेलं तं देव लवकर माफ करन."

"त्यानं आपल्या मनानं उचललं, दीपमाला. तुनं मले इचारलं होतं का?"

"इचारलं असतं तं तुम्ही हो म्हणाल्या असत्या," दीपमाला म्हणाली. "मले माहीत आहे तुमचा सोभाव."

आणि ते खरं होतं. रुख्माबाईच्या काळजात सुरी फिरली ती त्यानंच. हिच्या पोरांची बाळंतपणं आपण केली, हिच्या तापात रात्ररात्र बसलो, हिला लहान बहिणीसारखं वागवलं. हिनं नुसतं मागितलं असतं तरी चाललं असतं. चोरलं कशाला?

"अन् माह्यी रुपा?" तिचा आवाज फाटला. "मी जे तुले सांगत होती, थे?"

दीपमालानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"पाव कागद असते, बाई. दोघींचं कसं मावन त्याच्यात?"

५

त्या दुपारी रुख्माबाई आडवी झाली नाही. वहीचं पान फाडून ती दाराशी उजेडात बसली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. दोन ओळींना तास लागला. 'मी रुपाला म्हटलं तू मला मेली. तो शब्द मागे घे देवा.' खाली अंगठा नाही, सही. रुख्माबाई. 'ख्मा' जरा वाकडा आला, पण आला. मागच्या खोलीत पेला वाजत होता, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. आज पहिल्यांदा आपलं खरं वर जाणार होतं.

संध्याकाळी घमेलं पेटण्याआधी तिनं ती चिठ्ठी जुन्या चुक्याला टांगली. दीपमालानं लिहिलेली चिठ्ठी तिच्या पोलक्यात होती. ती जाळायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

"पास्टर," तिनं विचारलं, "दुसऱ्याचं पाप आपल्या नावानं टांगलं गेलं तं?"

कैलास पास्टर मनानं निर्मळ माणूस. ते हसले. "देवाजवळ अशी गडबड होत नाही, रुख्माबाई. तो कागद नाही वाचत, मन वाचतो."

"अन् मेलेले? थे काय वाचतात?"

पास्टरांच्या हातातली काडी विझली. त्यांनी दुसरी ओढली आणि घमेलं पेटवलं. चिठ्ठ्या जळताना दीपमाला सगळ्यांच्या बरोबर डोळे मिटून उभी होती. तिचा चेहरा फार शांत होता.

६

रविवारी पहाटेची उपासना झाली, मंडळीचं जेवण झालं. बायका एकमेकींना केळी आणि मिठाई वाटत होत्या. रुख्माबाई लवकर घरी आली. दोन वाजायची वाट पाहत पुढच्या खोलीत बसून राहिली.

टण्. टण्. उसंत. टण्.

या वेळी ती उठली. माठातून गार पाणी घेतलं, तांब्या भरून. देवाचं नाव घेतलं. मी नव्हते हो आत्याबाई, मी वर्ध्याला होते, एवढं सांगायचं आणि पाणी द्यायचं, बस. म्हातारी रागीट होती पण न्यायाची होती. आयुष्यभर तिनं सुनेचा एक शब्द खोटा मानला नव्हता.

मागच्या खोलीची कडी तिनं काढली. आत कोंदट गरमी होती, कांद्याचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक, औषधी तेलाचा. खाट भिंतीला उभी नव्हती. ती पूर्वीच्या जागी, खिडकीपासून दोन हातांवर, आडवी घातलेली होती. खिडकीत गडवा होता. कोणी ठेवला, कधी ठेवला, कोण जाणे.

खाटेवर पांढरं लुगडं होतं, आणि लुगड्याखाली दोन गुडघे वर आलेले. एक हात दांडीवरून खाली लोंबत होता. हाडकुळा, सालपटं निघालेला. त्या हातात पेला होता.

"आत्याबाई," रुख्माबाई म्हणाली. "मी नव्हती. पाणी आणलं, घ्या."

तिनं तांब्या पुढे केला. पेला वाजायचा थांबला.

हात हळूच वर गेला. तो पाण्याकडे आला नाही. त्यानं लुगड्याचा काठ पकडला आणि तोंडावरून वर ओढून घेतला. मग लुगड्याखालचं ते सगळं अंग, हाडं करकरत, सावकाश भिंतीकडे वळलं. जिच्या हातचं घ्यायचं नाही तिच्याकडे पाठ करतात, तसं.

तांब्या रुख्माबाईच्या हातातून पडला. ती वाकून उचलेपर्यंत खाट भिंतीला उभी होती. खिडकीत काही नव्हतं. फरशीवर सांडलेलं पाणी मात्र खाटेच्या दिशेनं जाऊन मधेच थबकलं होतं.

७

त्यानंतर आवाज आला नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. मंगळवारी दुपारी तर घर इतकं गप्प होतं, की रुख्माबाईला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. पलीकडे दीपमालाच्या घरात टीव्ही चालू होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई?"

नऊ वर्षांनी. रुख्माबाईनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. चिठ्ठी पोचली होती. आपल्या हातानं लिहिलेली पहिलीच चिठ्ठी, आणि तिसऱ्या दिवशी उत्तर! ती हसत होती आणि रडत होती. "रुपा, माह्यी बाई, कशी आहेस वं? येजो ना घरी. आजच्या आज येजो. मी तुले लई वाईट बोलली होती."

"त्याच्यापायी यायची थांबली नव्हती मी," रुपा म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, रडून रडून कोरडा झालेला. "बोललेलं तं मी कवाच इसरली होती. दर उन्हाळ्यात निघत होती मी, आई. बॅग भरत होती. अन् दर साली आजी आडवी ये."

"कोण?"

"आजी. सपनात ये. तोंडानं बोले, चांगली, लकव्याच्या आधी बोले तशी. मले वाटे आपल्याच मनाचे खेळ. पण परवापासून सपन नाई ना रायलं, आई. इथं, घरात, दुपारी..." ती थांबली.

त्या थांबण्यात रुख्माबाईला फोनमधून ऐकू आलं. रुपाच्या मागून, वडनेरच्या घरातून.

टण्. टण्. मग उसंत.

"आजी म्हणते, मी पेला वाजवत होती. म्हणते, तुह्या मायले आयकू येत होतं अन् थे उठली नाई." रुपानं श्वास आत ओढला. "मी कोनाचंच नाई आयकणार, आई. तू म्हण खोटं आहे, की मी ह्या गाडीनं निघते. फक्त सांग. तुले आवाज आयकू येत होता का?"

पोलक्यातली चिठ्ठी घामानं ओली झाली होती. नाही म्हणायला रुख्माबाईनं तोंड उघडलं. या पोरीशी आता खोटं बोलायचं नव्हतं. आणि आठ उन्हाळे, रोज दोन वाजता, इथे याच फरशीवर पडून तिनं पदर कानावर घेतला होता.

"आई? बोल ना."

टण्, फोनमध्ये वाजलं.

"येत होता," रुख्माबाई म्हणाली.